एका जिन्यावरच्या तीन मंडळ्या

चर्चमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. उपासना चालू असताना सगळेच शहाण्यासारखे वागतात, त्यामुळे तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. घडतं ते उपासना संपल्यावर, चपला शोधताना! आणि आमच्या जिन्यात तर एका नाही, तीन मंडळ्यांच्या चपला असायच्या. मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती मराठीत एका चर्चची माणसं.

परवा माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण विचारत होती, "रजनी, तुम्ही सगळे येशूलाच मानता ना? मग एवढी वेगवेगळी चर्च कशाला गं?" घरी येईपर्यंत मला एकेक गोष्ट आठवत गेली.

*

खांदा कॉलनीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हॉल आहे. खाली हार्डवेअरचं दुकान आणि डेअरी. रविवारी सकाळी तिथं आमची मराठी मंडळी भरते. आम्ही बहुतेक सगळे मूळचे नगर-जालन्याकडचे. पेटी-तबल्यावर गातो, सतरंजीवर मांडी घालून बसतो, बायका डोक्यावर पदर घेतात. आम्ही उठलो की केरळची मंडळी येते. त्यांचा पडदा, धूप, मेणबत्त्या आणि लांबच लांब उपासना, तीही बहुतेक सगळी उभ्यानं. संध्याकाळी पास्टर डॅनियलची तरुण पोरं येतात. त्यांच्याकडे कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि टाळ्या.

मी आमच्या मंडळीत पेटी वाजवते. आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार भास्करराव सांभाळतात. ते हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो. सरांचा आवाज असा, की त्यांनी "प्रार्थना करू या" म्हटलं की खालच्या डेअरीतलं गिऱ्हाईकसुद्धा गप्प उभं राहतं.

पहिलं भांडण झालं ते बुटांवरून. आम्ही आणि केरळची माणसं जोडे बाहेर काढतो. डॅनियलची पोरं बूट घालून आत! एका रविवारी सकाळी सतरंजीवर बुटांचे ठसे निघाले. संध्याकाळी सर मुद्दाम हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले.

"डॅनियल, देवासमोर उभं राहताना मोशेला जोडे काढावे लागले होते!"

डॅनियल लातूरकडचा. आठवडाभर कंटेनर यार्डात नोकरी करायचा. तिशी नुकतीच ओलांडलेला. तो हळूच म्हणाला, "हो सर. पण त्याच बायबलात उधळ्या पुत्र घरी आला, तेव्हा बापानं त्याच्या पायांत जोडे घालायला लावले होते!"

सर जिना उतरले. पुढच्या रविवारपासून त्यांनीच सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला सुरुवात केली.

हॉलचे मालक ओवे गावचे पाटीलशेठ. हे प्रकरण त्यांच्या कानावर गेलं. आम्हाला वाटलं, आता ते तिघांनाही घालवतात. शेठ हसून म्हणाले, "तुमी सगले येकाच देवाचे ना? मंग भांडा, पन येक नका होऊ. येक झालाव तं मला येकच भाडा मिलंल!"

*

बुटांचं ठीक होतं. क्रूसाचं मात्र मनाला लागलं.

आमच्या भिंतीवर सागवानी क्रूस होता, सरांच्या वडिलांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला. एका रविवारी हॉल उघडला तर भिंतीवर नुसता खिळा! शोधाशोध केली, तर क्रूस सापडला कपाटामागे, केरसुणीशेजारी.

त्या दिवशी सर प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांना शब्दच सुचेनात. असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी कमलताईंनी बसल्या जागेवरून एक गीत सुरू केलं, मी पेटीवर साथ धरली, तेव्हा कुठे सर सावरले.

संध्याकाळी डॅनियलला गाठलं. तो म्हणाला, "आम्ही भिंतीवर चिन्ह ठेवत नाही, सर. मी क्रूस काढून नीट उभा केला होता. केरसुणी नंतर कोणीतरी ठेवली."

"नंतर ठेवली! हे उत्तर झालं?"

डॅनियल सरांच्या जवळ आला. मग म्हणाला, "सर, आमच्या घरी मोठा क्रूस होता. मी लहान असताना आई तापानं फणफणली. वडिलांनी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. क्रूस पाण्यात बुडवायचे आणि ते पाणी तिला पाजायचे. आई गेली. मी लाकडाकडे बघून प्रार्थना करायला डोळे मिटतो ना, तर मला तो पेला दिसतो."

सरांचा राग कुठे गेला कळलंच नाही. ते नुसते त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

पण क्रूस ठेवायचा कुठे? सरांचं घर लांब, क्रूस जड. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या फिलोमिना आंटी आवाज ऐकून खाली आल्या. त्या कॅथलिक. त्यांना आमच्या भांडणाशी देणंघेणं काही नव्हतं. म्हणाल्या, "आमच्या घरी ठेवा. रॉबर्टला पन सोबत व्हईल."

तेव्हापासून क्रूस वरच राहायला लागला. रविवारी सकाळी आम्ही खाली आणायचो आणि संध्याकाळी, आपली उपासना सुरू व्हायच्या आधी, तो वर नेऊन द्यायचं काम डॅनियलनं स्वतःकडे घेतलं. दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी चढत न्यायचा.

कमलताई म्हणायच्या, "आपला क्रूस आठवडाभर कॅथलिक, आणि रविवारी सकाळपुरता मराठी प्रॉटेस्टंट!"

*

हे रॉबर्ट अंकल म्हणजे फिलोमिना आंटींचे यजमान. उरणकडचे. जन्मभर बोटीवर फिटर होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून पलंगावर. त्यांचा पलंग बरोबर आमच्या हॉलच्या डोक्यावर! त्यामुळे रविवारी त्यांच्या तिन्ही उपासना पडल्या पडल्या व्हायच्या.

सरांना ड्रम अजिबात सहन व्हायचा नाही. पण नुसतं "मला आवडत नाही" म्हणणं मुख्याध्यापकाला शोभत नाही. म्हणून ते डॅनियलला म्हणाले, "वर आजारी माणूस आहे. त्याचा तरी विचार करा!"

डॅनियलनं ड्रम बंद केला. दोन-तीन रविवार गेले आणि फिलोमिना आंटी खाली आल्या. "ड्रम का बंद केलाव? तो इचारतंय!"

सर म्हणाले, भिडेखातर सांगत असतील. आपण प्रत्यक्ष त्यांनाच विचारू. मला बरोबर घेऊन ते वर गेले. अंकलचा आजार जिभेवरही उतरला होता, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

सर पलंगाशी वाकून म्हणाले, "रॉबर्टभाऊ, अगदी मोकळेपणानं सांगा. त्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो ना?"

"ड्रम... चांगला हाय."

"मग त्रास कशाचाच नाही?"

"हाय." अंकलनी श्वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. "पेटी... बेसूर हाय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं! दुसऱ्याच दिवशी पेटी दुरुस्तीला नेली. भात्याला चीर होती आणि दोन सूर चांगलेच उतरले होते. आमच्या अख्ख्या मंडळीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला वरच्या मजल्यावरचा कॅथलिक लागला!

ड्रम पुन्हा सुरू झाला. सर संध्याकाळचे त्या रस्त्यानं फिरायला जायचे, ते दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. एवढंच.

*

एकदा अंकलना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. घरी आणल्यावर आम्ही सगळे एकाच वेळी भेटायला गेलो. सर, कमलताई, मी, डॅनियल, आणि केरळच्या मंडळीचे पाद्री. त्यांना आम्ही अच्चन म्हणतो. तिकडे वडिलांना आणि पाद्रींनाही अच्चन म्हणतात. लांब झगा, काळी टोपी, दाट दाढी. त्यांच्यात पाद्री लग्न करू शकतात. अच्चनच्या पत्नी लिसी इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहेत आणि मराठी आमच्याइतकंच छान बोलतात. अच्चनचं मराठी मात्र सगळं भाजीवाल्यांकडून शिकलेलं. सुरुवातीला ते प्रार्थनेनंतर लोकांना म्हणायचे, "घ्या, घ्या, ताजा आशीर्वाद!"

तर फिलोमिना आंटी म्हणाल्या, प्रभूची प्रार्थना तरी सगळे मिळून म्हणू या. ती येशूनं स्वतः शिकवलेली, सगळ्यांनाच पाठ.

सुरुवात केली, तर पहिल्याच ओळीत गाडी अडकली! आम्ही म्हणतो 'पित्या', आंटी म्हणाल्या 'बापा'. अच्चन आणि लिसी मल्याळममध्ये. डॅनियलकडे पाठ केलेलं म्हणत नाहीत, तो डोळे मिटून आपल्या मनानं मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागला. शेवटाला आंटी 'आमेन' म्हणून मोकळ्या झाल्या आणि आम्ही अजून पुढंच! कॅथलिक लोक जिथं थांबतात, तिथून पुढं आमच्यात आणखी एक ओळ आहे. अच्चन संपले, तेव्हा डॅनियल निम्म्यात होता.

शेवटी सगळे थांबले. ओशाळून एकमेकांकडे बघायला लागलो.

पलंगावरून अंकल म्हणाले, "देवाला... कललं असंल. मला काय बी... नाय कललं."

आधी आंटी हसल्या, मग आम्ही सगळेच. सरसुद्धा! हसणं ओसरल्यावर अंकल म्हणाले, "पन बरा वाटला. परत म्हना."

आम्ही परत म्हटली. तशीच, सगळ्यांनी मिळून आणि सगळ्यांनी वेगळी.

*

त्यानंतर कमलताईंनी मनावर घेतलं. म्हणाल्या, "प्रार्थना जमत नाही तर निदान जेवू या!" डिसेंबरात सगळ्यांचं मिळून जेवण ठरलं. कमलताईंच्या हातचं मटण म्हणजे आमच्या मंडळीतला शेवटचा शब्द. पहाटेपासून त्या चुलीपाशी होत्या.

पंगत बसली. वाढता वाढता कमलताई लिसीपाशी थांबल्या. लिसीच्या ताटात पांढरा भात आणि लोणचं. शेजारी अच्चनच्या ताटात तेच.

"लिसी, मटण आवडत नाही का गं?"

"आवडतं ताई, खूप आवडतं. पण नाताळापर्यंत आमचा उपास असतो. मांस, मासे, अंडी, दूध, काहीच नाही."

"अगं बाई! मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं ठरवलंत. नाही कसं म्हणायचं?"

कमलताई तशाच आत गेल्या आणि सगळी पंगत ताटकळत ठेवून बटाट्याच्या काचऱ्या करून आणल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःसुद्धा भात, काचऱ्या आणि लोणचंच खाल्लं. लिसीला लागून बसल्या आणि दोघी केवढा वेळ बोलत होत्या! त्या दिवसापासून त्यांचं मायलेकींसारखं झालं.

पुढच्या वर्षी कमलताईंनी जाहीर केलं, "यंदा सगळ्यांनाच वांग्याची भाजी, पुरी आणि तेलावरचा शिरा."

सर म्हणाले, "एकी पाहिजे हे मला मान्य आहे. पण नाताळात वांगं?"

जेवले मात्र पोटभर.

*

आता जे सांगते, ते हसण्यासारखं नाही.

त्याच्या पुढच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आम्ही तिन्ही मंडळ्यांनी पहिल्यांदा एकत्र उपासना केली. ही कल्पना सरांची! बुटांवरून भांडणारे सर, ड्रमला कंटाळणारे सर, तेच घरोघर जाऊन सगळ्यांना सांगून आले. हॉल भरून माणसं जिन्यात बसली होती. केरळच्या बायकांनी त्यांची शोकगीतं म्हटली, मी पेटीवर सूर धरला. डॅनियलच्या एका मुलानं हलक्या हातानं गिटार वाजवली. सरांनी मनन म्हणजे प्रवचन केलं, अच्चननी शेवटची प्रार्थना. बाहेर पडताना कित्येकांचे डोळे ओले होते. भरदुपारचा उन्हाळा, पण कोणाला घरी जावंसं वाटेना.

सर भारावले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "अच्चन, आता एकच राहिलं. परवा ईस्टरला आपण एका मेजावर प्रभुभोजन घेऊ या. एक भाकर, एक प्याला."

प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात, ते प्रभुभोजन. अच्चनचा चेहरा उतरला. "सर, ते माझ्याकडून नाही होणार."

"का?"

"आमच्या चर्चमध्ये दुसऱ्या चर्चच्या माणसाला ते देत नाहीत. दुसरीकडून घेतही नाहीत. मी पाद्री झालो, तेव्हा तसं वचन दिलंय."

"म्हणजे आम्ही ख्रिस्ती नाही?"

"असं मी कधीच नाही म्हणणार, सर."

"मग काय म्हणताय? एकत्र रडायचं, पण एकत्र जेवायचं नाही?"

अच्चनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. डॅनियल मध्ये पडायला गेला, त्याला सरांनी हातानंच थांबवलं. "ज्या मेजावर मला बसता येत नाही, त्या घरी मी येणार नाही," एवढं म्हणून सर निघून गेले.

मला दोघांचंही पटत होतं, आणि म्हणूनच फार वाईट वाटत होतं. सर सगळ्यांत लांबून चालत आले होते. म्हणून सगळ्यांत जास्त त्यांनाच लागलं. आणि अच्चननी तरी काय करावं? दिलेलं वचन मोडणारा पाद्री सरांनाही आवडला नसता!

त्यानंतर जिन्यात सर आणि अच्चन समोरासमोर यायचे आणि दोघंही भिंतीकडे सरकायचे. एकमेकांना वाट द्यायचे, पण बोलायचे नाहीत. हळूहळू आमची माणसंही केरळच्या माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली. त्या हॉलमध्ये इतकी शांतता भांडणाच्या दिवसांतही नव्हती.

*

त्याच पावसाळ्यात कमलताईंचं दुखणं निघालं. पोटाचं होतं. डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं.

लिसी रोज ड्युटी संपली की थेट त्यांच्याकडे यायची. इंजेक्शन द्यायची, अंग पुसायची, कूस वळवायची, केस विंचरायची. सर तिला काही म्हणायचे नाहीत. तिच्यासाठी दार उघडायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. तिला न्यायला अच्चन स्कूटर घेऊन यायचे, ते खाली गेटपाशी थांबायचे. पाऊस असला तर समोरच्या दुकानाच्या छपराखाली.

एका संध्याकाळी मी तिथं होते. कमलताईंना तेव्हा उठून बसताही येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "लिसी, खाली कोण उभं आहे गं?"

लिसी सरांकडे बघून म्हणाली, "कोणी नाही, ताई."

"मग त्या कोणी नाहीला वर बोलाव. मी चहा टाकते!"

लिसी हसता हसता रडायला लागली. सरांनी हे ऐकलं. ते गॅलरीच्या कठड्यापाशी गेले, खाली बघितलं. पण हाक मारली नाही.

दिवाळीच्या आधी कमलताई गेल्या.

दफनाच्या दिवशी डॅनियलची पोरं सकाळपासून राबत होती. मांडव, खुर्च्या, पाणी, बाहेरगावच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं त्यांनीच केलं. सरांना कशालाच हात लावावा लागला नाही. फिलोमिना आंटी अंकलना शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. अच्चन कबरस्तानाच्या दारापाशी उभे राहिले, आत आले नाहीत. सगळ्यांनी माती दिली. माणसं पांगली. मी लिसीसाठी थांबले होते म्हणून मला दिसलं. सगळे गेल्यावर अच्चन आत आले, झगा सावरून वाकले, मूठभर माती घातली आणि बराच वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिले.

सर त्या वेळी गाडीत बसत होते. त्यांची पाठ होती.

*

कमलताईंनंतरचा पहिला पवित्र आठवडा आला. एकत्र उपासनेचं नावही कोणी काढलं नाही. गुरुवारी, म्हणजे प्रभू शिष्यांबरोबर शेवटचं जेवला त्या संध्याकाळी, मी सरांकडे डबा घेऊन गेले. मेथीची भाजी होती, त्यांना आवडते. मुलगा परदेशात, घरात ते एकटे. दिवा लावायचंही भान नव्हतं. मी दिवा लावला, ताट घेते म्हटलं, तेवढ्यात बेल वाजली.

दारात लिसी आणि अच्चन. लिसीच्या हातात झाकलेलं ताट, अच्चनच्या हातात छोटं पातेलं.

अच्चन म्हणाले, "सर, आत येऊ?"

वर्षभरात त्यांनी सरांशी बोललेले हे पहिले शब्द. सर दारातून बाजूला झाले.

लिसीनं ताट टेबलावर ठेवलं. त्यात तांदळाची जाडसर, पांढरी भाकरी होती. पातेल्यात गूळ घातलेलं नारळाचं दूध. ती म्हणाली, "सर, आमच्या गावाकडे आजच्या संध्याकाळी घरोघरी ही भाकरी करतात. घरातलं वडीलधारं माणूस ती मोडतं आणि सगळ्यांना देतं. पण वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी ती करत नाहीत. त्या घरी नातेवाईक घेऊन जातात."

"नातेवाईक," सर म्हणाले. मग खुर्चीवर बसले. ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "अच्चन, हे प्रभुभोजन आहे का?"

"नाही, सर. ते मी तुम्हाला देऊ शकत नाही. आजही नाही."

"मग हे काय आहे?"

"घरची भाकरी आहे."

मला वाटलं, आता सर उठून आत जातात. पण त्यांनी समोरच्या खुर्च्यांकडे हात केला. अच्चन बसले. मी बसले. एकच खुर्ची उरली, कमलताईंची. लिसी तिच्या पाठीला धरून नुसती उभी राहिली.

"बस गं," सर म्हणाले. "तिथंच बस."

ती बसली. अच्चननी ताट सरांच्या पुढं सरकवलं. "तुम्ही मोडा."

"मी? पाद्री तुम्ही आहात."

"पाद्री मी चर्चमध्ये, सर. या घरात वडील तुम्ही."

सरांनी ओल्या रुमालानं हात पुसले, पुन्हा पुसले. डोळे मिटले. इतकी वर्षं मी त्यांच्या प्रार्थना ऐकल्या, पण त्या संध्याकाळी ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, इतका बारीक आवाज होता. मग त्यांनी भाकरी उचलली आणि मोडली. तुकडा वेडावाकडा निघाला. तो त्यांनी अच्चनच्या पुढं धरला.

अच्चन खुर्चीवरून उठले. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पसरून सरांसमोर उभे राहिले.

"अहो, बसून घ्या ना," सर म्हणाले.

"नाही, सर," अच्चन म्हणाले. "हे आम्ही उभ्यानं घेतो."